पंपट्रॅकवर सर्फस्केट: बोर्ड कोणता घ्यायचा आणि पहिलं वळण कसं काढायचं

माझा पहिला सर्फस्केट, म्हणजे लाटेवरच्या सर्फिंगसारखा खोल वळणारा स्केटबोर्ड, मी दुकानातल्या गुळगुळीत लाकडी फरशीवर पाच मिनिटं फिरवून पाहिला आणि घेऊन टाकला. चूक तिथेच झाली. पुढचा ट्रक, म्हणजे फळीखालचा चाकं धरणारा धातूचा सांगाडा, इतका मोकळा होता की नुसता खांदा वळवला तरी बोर्ड गर्रकन फिरे. मी खूश. पुढच्या रविवारी म्युनिकबाहेरच्या एका गावातल्या पंपट्रॅकवर, म्हणजे उंचवट्या-वळणांच्या फेऱ्यावर, गेलो. दुसऱ्याच वळणावर तो बोर्ड मी सांगितलं त्याच्या दुप्पट वळला, चाक फळीला घासून जागच्या जागी अडकलं आणि मी तळहातावर आपटलो. तीन आठवडे मनगटाला पट्टी होती आणि ऑफिसात एका हाताने टायपिंग.

मी मूळचा साताऱ्याचा. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत स्केटबोर्डवर उभासुद्धा राहिलो नव्हतो. म्युनिकच्या इंग्लिश गार्डन या बागेतल्या आइसबाख ओढ्याच्या लाटेवर लोक सर्फिंग करायचे ते बघून खाज सुटली, पण त्या थंडगार पाण्यात उतरायची हिंमत नव्हती. म्हणून हा कोरडा मार्ग. आता इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच, "लेकीसाठी कोणता घेऊ?" किंवा जरा दबक्या आवाजात, "माझ्यासाठीच विचारतोय, जमेल का?" प्रत्येकाला तेच तेच लिहून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं: सपाट जमिनीवर जो बोर्ड सगळ्यात मजेदार वाटतो, तो ट्रॅकवर बहुधा सगळ्यात जास्त त्रास देतो.

१. आधी ट्रॅक समजून घ्या, बोर्ड नंतर

पंपट्रॅक म्हणजे फिरून सुरुवातीच्या जागी येणारा डांबरी किंवा मातीचा फेरा. सरळ भागात ओळीने उंचवटे असतात, त्यांना रोलर म्हणतात. टोकाला भिंतीसारखी उचललेली वळणं असतात, ती बर्म. हे मुळात बीएमएक्स (छोट्या कसरतीच्या सायकली) आणि माउंटन बाइकवाल्यांसाठी निघालं. पेडल न मारता, फक्त अंगाच्या हालचालीने वेग राखायचा, हा खेळ. व्हेलोसोल्यूशन्स या स्विस कंपनीने डांबरी ट्रॅक देशोदेशी बांधले आणि २०१८ पासून पंपट्रॅकची जागतिक स्पर्धाही भरू लागली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की ट्रॅक डांबरी असला पाहिजे. मातीचा ट्रॅक सायकलला चालतो, स्केटच्या चाकांना नाही.

पेडल नाही, पाय मारायचा नाही, मग वेग येतो कुठून? ज्यांनी नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभं राहून झोका चढवलाय, त्यांना हे शिकवायची गरज नाही. झोका वर टोकाला गेला की गुडघे मोडून खाली बसायचं आणि तळातून जाताना दणकून ताठ उभं राहायचं. तसं केलं की झोका चढत जातो. ट्रॅकवर अगदी हेच करायचं असतं: रोलरच्या माथ्यावर अंग दुमडलेलं, दोन रोलरच्या मधल्या खळग्यात पाय ताठ. मला हे कळायला दीड महिना लागला, कारण मी सर्फस्केटचे व्हिडिओ बघून कंबर मुरडत बसलो होतो. आमची सातारची मावशी झोक्यावर जे करायची ते आठवलं आणि त्याच दिवशी पहिल्यांदा तीन रोलर सलग पार झाले.

बर्मचं गणित जत्रेतल्या मौत का कुआँसारखं आहे. वेग असेल तर भिंत तुम्हाला धरून ठेवते, वेग नसेल तर खाली सोडते. आकडे बघायचे तर ४ मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी १८ किलोमीटरने गेलात, तर तुम्हाला नेमका तोलून धरणारा उतार साधारण ३२ अंशांचा असतो. वेग ताशी ११ किलोमीटरवर आला की तोच उतार १३ अंशांवर येतो. म्हणजे नवशिक्याचा हळू वेग घेऊन भिंतीच्या वरच्या भागात जायचंच नाही. पहिले काही आठवडे भिंतीचा खालचा तिसरा हिस्सा तुमचा, बाकीचा त्या आठ वर्षांच्या पोरांचा.

२. सर्फस्केटमध्ये वेगळं काय असतं

साध्या स्केटबोर्डचे पुढचे-मागचे ट्रक सारखे असतात. सर्फस्केटचा मागचा ट्रक साधाच असतो, पण पुढचा जास्त खोल वळतो आणि लगेच मध्यावर परत येतो. त्यामुळे पाय जमिनीला न लावता, नुसतं अंग डावी-उजवीकडे फिरवून सपाटीवर वेग घेता येतो. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये कार्व्हर कंपनीने १९९०च्या दशकात ही कल्पना रुळवली. समुद्रात लाट नसेल त्या दिवशी रस्त्यावर सर्फिंगचा सराव करता यावा, हा हेतू.

पुढच्या ट्रकचे ढोबळमानाने दोन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, स्प्रिंग आणि फिरता हात असलेला. कार्व्हरचा सी७ आणि स्पेनच्या योव कंपनीच्या प्रणाली या जातीच्या. पाण्यावरच्या भावनेच्या सगळ्यात जवळ, वळण एकदम खोल. पण ट्रक उंच असतो, वजनदार असतो, आणि वेगात रोलरवरून जाताना पुढचं टोक थरथरतं.

दुसरा, स्प्रिंग नसलेला, फक्त बुशिंगच्या, म्हणजे ट्रकमधल्या रबरासारख्या गोल तुकड्यांच्या, ताकदीवर वळणारा. कार्व्हरचा सीएक्स हे त्याचं नेहमीचं उदाहरण. बुटका, हलका, थोडा कडक, आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन जाणारा.

ट्रॅकसाठी दुसरा घ्या. मुख्यतः नदीकाठच्या सपाट रस्त्यावर फिरणार असाल आणि ट्रॅकवर महिन्यातून एकदा जाणार असाल, तर पहिला घ्यायला माझी हरकत नाही. पण "दोन्हीसाठी एकच" हवा असेल तरीही दुसराच. कडक ट्रकवर सपाटीत जरा जास्त कष्ट पडतात, बस. मोकळ्या ट्रकवर बर्ममध्ये काय होतं ते वर सांगितलंच.

३. मापं कशी ठरवायची

दुकानदार आधी फळीची लांबी सांगतो आणि मग तिच्यावरचं चित्र दाखवतो. तुम्ही व्हीलबेस विचारा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ट्रकच्या आतल्या बोल्टमधलं अंतर. सगळा स्वभाव त्यात आहे.

घरी एक सोपा प्रयोग करा. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून दोन्ही पायांनी उडी मारा आणि पाय जिथे पडले तिथेच थांबा. दोन्ही पावलांच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजा. चारपाच वेळा मोजून सरासरी घ्या. ट्रॅकवर पाय जवळजवळ ट्रकच्या वरच येतात, म्हणून व्हीलबेस या अंतराच्या आसपास हवा. सर्फस्केटचे व्हीलबेस साधारण ३८ ते ४८ सेंटिमीटर असतात. माझी उंची १७२ सेंटिमीटर, माझं माप ४४ निघालं आणि आत्ताचा बोर्ड तेवढाच आहे. पहिला ३९चा होता. छोटा व्हीलबेस चटकन वळतो, आणि नको तेव्हाही चटकन वळतो.

चाकं ६० ते ६६ मिलिमीटर व्यासाची आणि ७८ए ते ८४ए कडकपणाची असली की डांबरावर छान. ७० मिलिमीटरची चाकं वेग धरून ठेवतात, पण फळीला लागण्याची भीती वाढते. उलट स्केटपार्कवाल्यांची छोटी, ९९ए कडक चाकं खरबरीत डांबरावर दातसुद्धा हलवतात.

फळीच्या मागच्या टोकाला वर वळलेली शेपटी असलेली बरी. पुढे कधी वळवून बोर्ड उचलायचा झाला तर उपयोगी पडते. बेअरिंगच्या आकड्यांच्या नादी लागू नका. सगळ्या स्केटच्या बेअरिंगचं माप एकच असतं, ६०८: आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिलिमीटर. महाग बेअरिंगने नवशिक्याचा वेग वाढत नाही, झोका नीट दिल्याने वाढतो.

पैशांचं म्हणाल तर नामांकित कंपनीचा नवा बोर्ड इकडे २०० ते ३०० युरोंच्या घरात जातो. जुना क्लाइनआनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या जर्मन साइटवर बराच स्वस्त मिळतो, कारण लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेले पुष्कळ बोर्ड तळघरात पडून आहेत. जुना घेताना तो उलटा करून बघा. चाकाच्या वरच्या जागी फळीवर काळपट, चंद्रकोरीसारखा घासलेला खड्डा दिसला तर समजा की चाक अडकायची या बोर्डाला सवय आहे. बेस प्लेटला, म्हणजे ट्रकच्या फळीला टेकणाऱ्या भागाला, बारीक तडा आहे का आणि चारही चाकं बोटाने फिरवल्यावर खरखर येते का, हेही पाहा. चाकं आणि बेअरिंग बदलता येतात, तडकलेला ट्रक घेऊ नका.

४. बॅगेत काय काय हवं

- हेल्मेट. आत ईएन १०७८ छापलेलं बघा. हे युरोपीय मानक सायकल आणि स्केटबोर्ड दोन्हीला लागू आहे. एकदा जोरात आपटलं की बदला, वरून चांगलं दिसत असलं तरी.
- मनगटाचे गार्ड, ढोपरांचे आणि कोपरांचे पॅड. यांचं मानक ईएन १४१२०. ढोपराच्या पॅडवर कडक प्लास्टिकची वाटी हवी. नुसत्या कापडी पॅडवर घसरता येत नाही, आणि घसरण्यावरच सगळी भिस्त आहे.
- सपाट तळाचे बूट. पळायचे बूट जाड आणि गोलसर तळाचे असतात, पायाला बोर्ड कळत नाही.
- स्केटचा टी आकाराचा पाना. चाकांच्या नटाला १३, ट्रकच्या मधल्या मोठ्या बोल्टला, म्हणजे किंगपिनला, १४ आणि फळीच्या बोल्टना १० मिलिमीटरचा साधा पानाही चालून जातो.
- छोटा हातझाडू. हसू नका, खाली सांगतो.
- आरोग्य विम्याचं कार्ड.

जर्मनीत राहणाऱ्यांनी कागदपत्रांत आणखी एक बघायचं: हाफ्टफ्लिष्ट, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा खासगी विमा. तुमचा सुटलेला बोर्ड कोणाच्या महागड्या सायकलवर किंवा नडगीवर आदळू शकतो. लहान मुलं असतील तर पॉलिसीत सात वर्षांखालच्या मुलांचा उल्लेख आहे का ते तपासा. जर्मन कायदा त्या वयाच्या मुलांवर नुकसानभरपाईची जबाबदारी टाकत नाही, त्यामुळे विमा कंपनीही हात वर करू शकते आणि तुम्ही शेजाऱ्यासमोर ओशाळे होता.

५. ट्रॅकवर जाण्याआधी घरी वीस मिनिटं

दुकानातून आलेला बोर्ड जवळपास नेहमीच ट्रॅकसाठी फार सैल असतो. जाड गालिच्यावर ठेवा, एका कडेवर दोन्ही पायांनी पूर्ण वजन टाका आणि वाकून बघा. फळी चाकाला टेकतेय? मग तो बोर्ड त्या अवस्थेत ट्रॅकवर न्यायचा नाही.

आधी किंगपिन पाव फेरा आवळा आणि पुन्हा बघा. असं पाव-पाव फेऱ्याने दोनतीनदा करा. बुशिंग चेपून बाजूने फुगायला लागलं तर आणखी आवळू नका. त्याऐवजी जास्त कडक बुशिंग घाला, वजन ऐंशी किलोच्या पुढे असेल तर बहुतेक वेळा तेच करावं लागतं. तरीही टेकत असेल तर ट्रक आणि फळीच्या मध्ये ३ मिलिमीटरचा रबरी रायझर टाका. रायझर टाकला की बोल्टही तेवढे लांब लागतात. माझ्याकडे ते नव्हते, नट अर्ध्या आट्यांवर बसवला आणि तो वाटेत कुठेतरी पडला.

मागचा ट्रक पुढच्यापेक्षा थोडा जास्त आवळा. मागचा स्थिर असला की पुढच्याचा अवखळपणा सहन होतो.

६. दोन आठवडे सपाटीवर

कोणता पाय पुढे, हे आधी ठरवा. मोजे घालून फरशीवर पळत येऊन घसरा. जो पाय आपसूक पुढे जातो तो तुमचा पुढचा.

रिकाम्या पार्किंगमध्ये चारच गोष्टी करायच्या: पाय मारून पुढे जाणं, पाय घासून थांबणं, मोठी वळणं, आणि पडणं. पडायचा सराव कोणी करत नाही. ढोपरांवर पॅड चढवून हळू पळा, दोन्ही ढोपरं टेकवून पुढे घसरा, हात वर. दहावीस वेळा करा. अंगाला ही सवय लागली नाही तर ऐनवेळी हातच पुढे जातो. मागे पडायची वेळ आली तर मात्र गुडघे मोडून आधी खाली बसा, माकडहाडाची उंची जितकी कमी तितकं बरं.

इथे सर्फस्केटचं कंबर मुरडून वेग घेणं शिकाल, त्याची मजा जरूर घ्या. फक्त ट्रॅकवर जाताना ते पार्किंगमध्येच ठेवून जा.

आणि हो, पार्किंगपर्यंत बोर्डवरून जायचं असेल तर पदपथावरून, चालणाऱ्यांना जागा देत. जर्मनीत स्केटबोर्ड वाहनात मोडत नाही, सायकलच्या लेनमध्ये त्याला जागा नाही.

७. रोलर

सुरुवातीच्या चौथऱ्यावरून पाय न मारता सुटा. पहिल्या दिवशी काहीच करायचं नाही, फक्त गुडघे सैल ठेवून बोर्ड जिथवर जातो तिथवर जायचं. माझा दुसऱ्या रोलरवर थांबला आणि मागे यायला लागला. तेव्हा घाबरून मागे उडी मारू नका, बाजूला उतरा.

मग झोका. चढ लागला की गुडघे पोटाकडे येऊ द्या, जणू उंचवटा तुमच्या पायांतून निघून जातोय आणि डोकं एकाच उंचीवर आहे. माथा ओलांडला की उतारावर दोन्ही पायांनी दाबा. नवशिक्या उलटं करतो: चढावर ताठ होतो आणि उतारावर भीतीने बसतो. झोकाही असाच मरतो.

वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवा. मागे रेललात तर पुढचं टोक हलकं होऊन वळवळतं. खांदे प्रवासाच्या दिशेला फार फिरवू नका. साध्या स्केटवर ते चालून जातं, पण सर्फस्केट खांद्याचं ऐकतो आणि रोलरच्या मधोमध तिरका होतो.

एक युक्ती आवाजाची. चाकांचा आवाज उतारावर भरदार आणि माथ्यावर बारीक होत असेल तर दाब बरोबर पडतोय. सगळीकडे एकसारखी घरघर येत असेल तर तुम्ही नुसतेच वाहून जाताय.

८. बर्म

इथे बोर्ड वळवायचा नसतो. भिंतच तुम्हाला वळवते, तुम्ही फक्त भिंतीला काटकोनात राहायचं. सपाटीवरच्या सवयीने तुम्ही आत झुकाल आणि खांदा फिरवाल, तर पुढचा ट्रक लगेच आत तोंड घालेल आणि बोर्ड भिंतीवरून खाली सुटेल. माझं मनगट असंच गेलं.

आत शिरताना गुडघे मोडा. वळणाच्या मध्यावर अंग जड झाल्यासारखं वाटतं, तो दाब येऊ द्या. उत्तरार्धात भिंतीला पायांनी ढकलत उभे राहा, म्हणजे बाहेर पडताना वेग वाढलेला असतो. नजर वळणाच्या शेवटी, पुढचा रोलर जिथे सुरू होतो तिथे. पायांकडे बघितलंत की पायांपाशीच पडाल.

डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला उजवं वळण पंजांवर येतं, छाती वळणाच्या आत असते आणि सगळं दिसतं. डावं वळण टाचांवर, पाठ आत. हे अवघड. बहुतेक जण खुर्चीवर बसल्यासारखे बूड मागे काढतात. ते आत ओढा, पुढचा हात वळणाच्या बाहेर पडायच्या जागेकडे रोखा. उजवा पाय पुढे असणाऱ्यांनी हे सगळं उलटं वाचा. शक्य असेल तर सुरुवातीला असा ट्रॅक शोधा जिथे पहिली बर्म तुमच्या पंजांची आहे.

९. ट्रॅकवरची रीत

बाण असतील त्याच दिशेने. चौथऱ्यावर आपली पाळी येईपर्यंत थांबायचं आणि पुढच्या माणसाचा निम्मा फेरा झाला की सुटायचं. पडलात तर आधी ट्रॅकवरून बाजूला व्हा, मग कुठे लागलंय ते बघा. दुपारी सायकल आणि स्कूटरवाल्या मुलांची झुंबड असते, म्हणून शिकायचं तर रविवारी सकाळी नऊच्या आत.

डांबर ओलं असेल तर घरी परत. सायकलचे टायर धरतात, आपली चाकं बर्मवर साबणासारखी सुटतात. भिजलेले बेअरिंग दोन दिवसांत गंजतात, ते वेगळंच.

आता झाडू. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर बारीक खडी टाकतात, ती एप्रिलपर्यंत बुटांच्या आणि टायरच्या खाचांतून ट्रॅकवर येत राहते. शरदात चेस्टनटची काटेरी टरफलं पडतात आणि बर्मच्या तळाशी, नेमकी तुमच्या वाटेवर, गोळा होतात. वाटाण्याएवढा खडा पुढच्या चाकाखाली आला की बोर्ड थांबतो, तुम्ही नाही. मी आधी एक फेरा चालत मारतो आणि झाडतो. पोरं आता मला बघितलं की स्कूटर बाजूला घेऊन वाट बघत उभी राहतात, त्यांना वाटतं मी ग्रामपंचायतीचा माणूस आहे.

१०. किती दिवस लागतात

आठवड्यातून दोनदा जाऊन मला सलग रोलरना सहा आठवडे लागले, पंजांच्या बर्मला आणखी तीन. पूर्ण फेरा पाय न लावता ऑगस्टमध्ये झाला, पण त्यात टाचांचं वळण मी भिंतीच्या पायथ्याने चोरून काढलं होतं. ते खरं भिंतीवरून निघालं सप्टेंबरच्या शेवटी. आभाळ भरून आलं होतं, पहिले थेंब पडायच्या आत सगळे आपापल्या सायकली घेऊन निघून गेले होते, त्यामुळे साक्षीदार कोणी नाही.